कोई देखने वाला नहीं

सेंट्रल बस स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आण्णांनी, माझी बॅग खाली ठेवून दिली होती आणि फाईल मात्र छातीशी धरली होती. फाईलमध्ये माझं सर्टिफिकेट होतं. परदेशात इंग्रजी शिकवायला ही मुलगी लायक आहे, असं सांगणारं. शेजारच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ शेंगा खात बसले होते. आण्णांनी त्यांना ते काढून दाखवलं. "पोरगी चाललीय व्हिएतनामला. इंग्रजी शिकवायला." गृहस्थांनी हात पुसून ते वाचलं, उलटं करूनही बघितलं आणि म्हणाले, "लई हुशार दिसती." त्या कागदाची खरी गोष्ट तिथं फक्त मला माहीत होती.

तीच आज लिहिते. देवगाव रंगारीला मागं राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारख्या निघालेल्या किंवा निघायच्या बेतात असलेल्या पोरींसाठी. मेसेज येत असतात ना तुमचे, "मॅडम, कोणता कोर्स करू?"

तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये दहावीला इंग्रजी शिकवायचे. त्याच गल्लीत पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत एक कन्सल्टंट बसायचा. त्यानं माझ्यापुढं दोन पत्रकं ठेवली. एक कोर्स ऑनलाइन: घरी बसून व्हिडिओ बघायचे, उत्तरांवर खुणा करायच्या, सर्टिफिकेट मेलवर. दुसरा हनोईतच, चार आठवड्यांचा: रोज खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, आणि मागच्या बाकावर परीक्षक वही घेऊन बसणार. "पहला लो मॅडम, कायकू टेन्शन लेते? कोई देखने वाला नहीं." बस्स. तेवढं ऐकलं आणि मी पहिल्यावर बोट ठेवलं. लोकांना सांगितलं, वेळ वाचतो. साफ खोटं. भ्याले होते मी. गावच्या शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी कुणीतरी मागं बसून ऐकणार, हेच नको होतं.

आता आपल्याकडं इंग्रजी कसं शिकवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'द फार्मर गोज टू द मार्केट, म्हंजे शेतकरी बाजारात जातो.' आधी वाक्य, मग म्हंजे, मग अर्थ. मी तशीच शिकले आणि सहा वर्षं तशीच शिकवत होते. त्या कागदावर हनोईतल्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि समोर आली सात-आठ वर्षांची वीस पोरं. मी मांजराचं चित्र वर धरलं. "धिस इज अ कॅट, म्हंजे..." आणि थांबले. म्हंजे काय? कपाळ! त्यांना मराठी येत नाही, मला व्हिएतनामी येत नाही. पण जीभ ऐकेल तर शपथ. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला म्हंजे, आणि मग मी गप्प.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या मुख्य शिक्षिका, फिलिपिन्सच्या बाई, न सांगता वर्गात येऊन बसल्या. मी चित्र वर धरलं आणि वीसच्या वीस पोरं एका सुरात ओरडली, "धिस इज अ कॅट म्हंजे!"

हसा, हसा. मीही आता हसते. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका पोरीनं तर तो शब्द इंग्रजी अक्षरांत वहीत लिहून खाली रेघही मारली होती. तास संपल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "हा शब्द मी डिक्शनरीत शोधला, सापडला नाही. तुला शिकवताना कधी कुणी पाहिलंय का?" मी मान खाली घालून नाही म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात तो चार आठवड्यांचा कोर्स कर. पास झालीस तर नोकरी पक्की, नाहीतर घरी परत. ज्याला भिऊन पळाले होते, तेच समोर दत्त म्हणून उभं राहिलं.

रविवारी घरी फोन करून आण्णांना सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणी बसणार. स्टँडवर त्या माणसाला कागद दाखवताना त्यांचा चेहरा कसा होता, तेच डोळ्यांपुढं येत होतं. पण आण्णा म्हणाले, "भ्यायचं नाय, माय. नापास झालीस तर ये निघून. घर काय कुठं पळून चाललंय व्हय?" फोन ठेवला आणि मी ओक्साबोक्शी रडले. पण खरं सांगते, त्यानं भीती गेली नाही, उलट वाढली. कारण मला खरंच निघून यावंसं वाटत होतं. कोर्स सुरू झाल्यावर मागच्या बाकावर परीक्षकानं पेन उचललं की वाटायचं, होऊ दे एकदाची मोठी चूक आणि सुटू दे मला.

ते चार आठवडे घास धड गिळला नाही. म्हंजे ओठांवर आलं की जीभ दातांत धरायची. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा, हे तिथं शिकले. पाऊस बोटांनी, म्हातारी कंबरेतून वाकून. शेवटच्या तासाला मार्कर दोनदा हातातून खाली पडला. परीक्षकानं तो उचलून दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. शनिवारी निकाल लागला. पास.

तेव्हा पोरींनो, जिथं कुणीतरी बघत बसणार आहे, तोच कोर्स घ्या. भीती वाटेल, वाटू द्या. मला अजूनही दर सोमवारी वर्गाच्या दारात वाटते.

पण एक गोष्ट कुठल्याच पत्रकात लिहिलेली नव्हती. मागच्या सुट्टीत गावी गेले. आण्णा मोटरसायकल घेऊन फाट्यावर आले होते. बॅग टाकीवर ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "किती दिवस हाईस, माय?"

"बारा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गाडीला किक मारली. मी मागं बसून त्यांचा सदरा घट्ट धरला आणि गाव येईपर्यंत रडत राहिले. नापास झाले असते, तर हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नसता.