शेंडा घराकडं

वैजापूरला एसटीत चढले त्या दिवशी आईनं मला एकच गोष्ट तीनदा बजावली. "नळाचं पाणी आधी चाखून बघ, मगच पी." आमच्या धनगरवाडीत नळ नव्हता, तिनं तो पाहिला तरी होता की नाही कोण जाणे. आबांनी मात्र गाडी हलली तशी खांद्यावरची घोंगडी सावरून सरळ पाठ फिरवली. पोरगी नर्स होऊन औरंगाबादला चाललीय आणि बापाला हात हलवायलाही सुचू नये, याचा राग मी पुढे पाच महिने जपून ठेवला.

वाडीत राहिलेल्या भावंडांनो आणि पुण्या-नाशकाला पांगलेल्या भाच्यांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पाच महिन्यांनंतर मी नोकरी सोडून परत निघाले होते.

बेगमपुऱ्यात एका म्हाताऱ्या मुसलमान बाईच्या घरात मी खोली घेतली होती. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. "खाको जा बेटी," ती रोज दारातून म्हणे आणि मी रोज "भूक नाय" म्हणून निसटे. खोली ते दवाखाना, दवाखाना ते खोली, तेही मान खाली घालून. गल्लीत काय आहे असं कुणी विचारलं असतं तर मला फक्त गटारं सांगता आली असती. शेवटी पत्र टाकलं, मला न्यायला या. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी ते आबांना वाचून दाखवलं आणि चौथ्या दिवशी आबा दारात हजर. माझी ट्रंक भरलेलीच होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ की. आधी तुझं रान तर दाखीव."

उजाडल्यावर निघालो. आबांची चाल मेंढरांमागची, म्हणजे चार पावलं टाकायची आणि थांबायचं. दोन घरं सोडून एक शेळी बांधलेली होती. थंडीचे दिवस, म्हणून कुणीतरी तिला जुना स्वेटर घातला होता, पुढचे पाय बाह्यांत. आबा खो खो हसले. "आन् आमी जनमभर घोंगडी आमच्याच अंगावर घेतली!" पण हसता हसता त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लई निगा हाय बरं. कोणाची गं?" मला माहीत नव्हतं. पाच महिने मी तिच्या शेजारून जात होते.

पुढं नानची भट्टी. भट्टीवाला ओला हात करून नान आत थापत होता, पहिला भाजून होईतो पाचवा लावत होता. आबा इतका वेळ टक लावून उभे राहिले, की त्यानं एक गरम नान आपणहून हातात ठेवला. आम्ही दोघांनी तो मोडून खाल्ला. कुणी दुधाच्या फुटक्या डब्यात मोगरा लावला होता, कुणी दुकानापुढं पाणी शिंपडत होतं. पाणचक्कीच्या वडाखाली पारवे उतरले होते. मला लाज वाटली. हे सगळं इथंच होतं.

प्रत्येक वळणावर आबा कडुनिंबाची डहाळी मोडून दगडाखाली ठेवत होते. ही आपली जुनी रीत. मेंढरं पुढं गेली की मागून बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या बायांना कळावं म्हणून वळणावर डहाळी टाकायची, शेंडा जाण्याच्या दिशेला. म्हातारा स्टँडची वाट ध्यानात ठेवतोय असं वाटून मी म्हणाले, "आबा, वाट ठाऊक आहे मला." त्यांनी हसून पुढची डहाळी मोडली.

परतताना मी नीट पाहिलं. सगळे शेंडे खालाच्या घराकडं वळलेले होते.

"आबा, डहाळ्या उलट्या पडल्या."

"उलट्या न्हाईत. तुझी माय येईल कवा तरी. तिला घर घावाया नगं व्हय?"

"तवर वाळून जातील."

"वाळू दे. तू नव्या टाक."

खाला दारातच उभी होती. "इत्ती देर? कब से देखरी मैं." आबांनी माझ्याकडं पाहिलं. "वाट बघणारं माणूस हाय की गं इथं," ते म्हणाले. मी ट्रंकेचं कुलूप काढलं.

दुपारी आबा एकटेच गाडीत बसले. गाडी हलली आणि मला पाठ फिरवावी लागली, डोळे दिसू नयेत म्हणून. पाच महिन्यांचा राग तिथंच स्टँडवर गळून पडला.

पुढच्या थंडीत आई आली, थेट खालाच्या दारात. आल्या आल्या तिनं नळाचं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

खाला गेली, आबा गेले, आई गेली. शहराचं नाव बदललं. शेजारच्या गल्लीत माझं घर झालं, पोरं तिथंच वाढली, आणि माझं घर कुठलं हे ठरवण्याची घाई मी कधीच सोडून दिली. ज्याच्याकडं शेंडा वळवावासा वाटतो ते आपलं, एवढं मला पुरतं. तुम्ही येताना विचारता, "आत्या, लोकेशन पाठव." पाठवते. पण कोपऱ्यावर पोचलात की मोबाइल खिशात घाला आणि जरा खाली बघून चाला. आज सकाळीच नवी डहाळी टाकलीय.