डबल शिलाईची पिशवी
मला माझ्या सख्ख्या मेहुण्याने फसवलं. नव्या रेक्झिनचा वास आला की बदलापूरची नदीच आठवते. उभं राहून वल्हवायच्या फळ्या घेऊन आम्ही दोघं उल्हास नदीत उतरलो होतो. मेहुण्याचा जवळच्याच कॅम्प तीन या वस्तीत जीन्स शिवायचा कारखाना. प्यायचं पाणी आणि माझी शुगर उतरली तर लागणारी ग्लुकोजची पुडी ठेवायला त्यानेच रेक्झिनची पिशवी शिवून दिली. "दाजी, डबल शिलाई मारलीय. बुडवून बघितली, थेंब आत जात नाही." सगळ्या बाजाराशी भांडणारा मी, घरच्या माणसावर मात्र विश्वास ठेवला. भर पात्रात माझे हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. फळीला बांधलेली पिशवी उघडली, तर आत गढूळ पाणी आणि ग्लुकोजचा चिखल. शिलाई डबल म्हणजे सुईची भोकंही डबल! गुडघ्यांवर बसून, मेहुण्याच्या नावाने ओरडत कसाबसा काठ गाठला. तिथे कपडे धुणाऱ्या बाईने स्वतःच्या भाकरीबरोबरचा गूळ माझ्या तोंडात कोंबला. "आधी खा, मंग भांडा." मागून मेहुणा आला, त्याने लोणच्याची घट्ट झाकणाची बरणी उघडली आणि त्यातून कोरडा ठणठणीत मोबाइल काढला. "हा पिशवीत का नाही ठेवलास?" "दाजी, महागाचा आहे ना!" आजही तो मला लग्नाच्या पंगतीत हसत जिलेबीचा आग्रह करतो. जिलेबी राहू दे. पिशवी बुडवून बघितली होतीस, तर बरणी कशाला आणलीस? चार पाहुण्यांसमोर सांग.