खिळा काढलेली पराणी

मला बैलगाडीच्या शर्यतीचं भारी वेड होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार दयाळू होते असं कोणी समजू नये. शिमगा झाला की चौलजवळच्या पुळणीवर शर्यती लागायच्या. ओहोटीला वाळू ओली आणि टणक असायची. छकडे असे सुटायचे की दोन्ही अंगांनी पाणी उडायचं. आदल्या दिवसापासून मला जेवण जात नसे. आमच्या बाची जोडी असायची. एके वर्षी तो शेजारच्या गावाकडून थोडक्यात हरला, आणि पुढे वर्षभर बाजारात कोणी ना कोणी त्याला ते ऐकवत होतं. यंदा जिंकायचंच, असं त्याने मनावर घेतलं होतं.

मी तेव्हा चौथीत, म्हणजे एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागे. शर्यतीच्या चार दिवस आधी मास्तरांनी मला छडीने झोडलं. पाठीवर वळ उठले. बाने ते पाहिले आणि तसाच शाळेत गेला. मी त्याच्या मागे.

"मास्तर, पोरगी हाय ती माझी, बैल न्हाय."

मास्तर म्हणाले, "तुमच्या मुलीची कातडी जाड आहे. तिला काही लागत नाही."

"लागतं का न्हाय ते तुमी कोन ठरवनार?" बा एवढ्याने ओरडला की पहिलीतली पोरं पाढे म्हणायची थांबली. मी खूष! परत येताना उड्याच मारत होते.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. बा पराणी घेऊन बसला. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी. तिच्या टोकाला खिळा असतो. शर्यतीसाठी बा तो दगडावर घासत होता.

मी विचारलं, "ह्यो बैलाला लागत न्हाय?"

"बैलाची कातडी जाड असते."

"मास्तर पन तेच म्हनाले."

बाचा हात थांबला. चुलीपाशी आई फस्सकन हसली. "घे! कोन ठरवनार म्हनून इचारून आलास ना? आता तूच सांग."

"पोरगी आनि बैल एक हाय का?" बा चिडला.

"न्हाय," मी म्हणाले. "बैलाला मास्तराशी भांडायला बा न्हाय."

मी काही विचार करून बोलले नव्हते. उलट बोलायची मला खोडच होती. पण बा उठला, पकड आणली आणि खिळा उपटून टाकला.

शर्यतीच्या दिवशी पुळणीवर ही गर्दी! खिळ्याची गोष्ट तोवर बाजारात पसरली होती. शेजारच्या गावचा एक म्हातारा बाच्या काठीकडे बघून म्हणाला, "काय रं, पराणी बोडकी? पोरीच्या अकलेनं गाडी हाकतोस व्हय?"

"बैल माजं हायत. अक्कल कोनाची का असंना."

निशाण पडलं आणि मी किंचाळायलाच लागले. बा पुढे होता! त्याचं धोतर उडत होतं, चाकं वाळूला टेकतायत की नाही कळत नव्हतं. मग शेजारच्या गावची गाडी बरोबरीला आली. त्यांचा गाडीवान सारखा टोचत होता. त्याच्या बैलाच्या पुठ्ठ्यावरचं रक्त मला चांगलं दिसलं. दिसलं, आणि तरी मी घसा फोडून ओरडले, "टोच बा! टोच बैलांना!"

बा माझ्या समोरूनच गेला. त्याने नुसती काठी हवेत फिरवली आणि बैलांना हाळी दिली. एका चाकाने हरलो.

घामाने निथळत तो माझ्यापाशी आला. "खिळ्यावरनं बोलनारी तू, आनि टोच म्हननारी बी तूच. मी ऐकू कुनाचं?"

लाज वाटली का? तेव्हा तरी नाही. हरल्याचा राग आला होता. आमच्या बैलांच्या अंगावर एक ओरखडा नव्हता, तेही मी बघितलं, तरी राग उतरेना. घरी बसून माणसाची नि बैलाची बरोबरी मी चटकन केली होती. गाड्या सुटल्यावर ती मला आठवलीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी बाने नवा खिळा आणला आणि मला हाक मारली. "बोल, बसवू का?"

"नको."

त्याने खिळा कोनाड्यात टाकला. "चल मग, शर्यतीला."

"मी येत न्हाय. आले तर परत ओरडेन."

तो गेला. पुळणीवरचा गलका आमच्या दारापर्यंत ऐकू येत होता. मी उंबरठ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग गलका थांबला, आणि बा जिंकला की हरला ते विचारायला मी वाटेवर धावत सुटले.