फाटकातला दगड

सिएना मावशी द्राक्षमळ्यावरच जन्मली, तिथेच छाटणी शिकली आणि तिथल्याच केर्नेल्स नावाच्या ट्रॅक्टरवाल्याशी तिने लग्न केलं. तो वारला त्याच वर्षी मळा विकला गेला. खोली नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेली, आता ती सोडा, असं नव्या मालकाने कळवलं. मावशीचं बिऱ्हाड पार्ल शहराच्या टोकाला, आमच्या पत्र्याच्या वस्तीत आलं. केर्नेल्स काका मात्र मळ्यावरच राहिला, मजुरांच्या कबरस्तानात, एका लाकडी क्रुसाखाली.

तो क्रूस कुजून पडल्याचं कानावर आलं, तेव्हा मावशीने सिमेंटचा दगड घडवून घेतला. ओल्या सिमेंटवर काकाचं नाव तिने स्वतः खिळ्याने कोरलं. शनिवारी सकाळी ठेवणीतला झगा घालून माझ्या दारात उभी. म्हणाली, "दाविद, गाडी काढ. तुझ्या काकाला दगड पोचवायचाय."

द्राक्षतोड ऐन भरात होती. ट्रॉल्यांतून गळणाऱ्या रसाने रस्ता चिकट झालेला. एका चढावर आम्ही ट्रॉलीमागे अडकलो, तेव्हा तोडणाऱ्यांपैकी एका ओळखीच्या बाईने खिडकीतून एक घड आत टाकला.

"एवढी नटून कुणीकडे गं?"

"नवऱ्याकडे," मावशी म्हणाली.

मळ्याच्या फाटकावरचा पहारेकरी आपल्यातलाच होता. ओशाळून त्याने सांगितलं की आज आत लग्न आहे, फक्त पाहुण्यांच्या गाड्या सोडायच्यात. कबरीवर जायचं तर आधी फोन करून सोमवारी या. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला दगड उतरवायला सांगितला. मला वाटलं, त्याच्याकडे ठेवून परत फिरणार. तर तिने तो फाटकाच्या मधोमध ठेवायला लावला आणि पिशवी मांडीवर घेऊन त्यावर बसली.

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. मग मळ्याच्या मॅनेजरीणबाई धावत आल्या. बोलणं गोड होतं. कबरींजवळच्या हिरवळीवर फोटो काढायचेत, पाहुण्यांचा विरस होईल, एक दिवस सांभाळून घ्या, म्हणाल्या. मावशी हलेना, तेव्हा पोलिसांचं नाव निघालं.

"बोलवा," मावशी म्हणाली. "कबरीवर जायचा हक्क आहे की नाही, त्यांनाच विचारू. या मळ्यात माझं आयुष्य गेलं, बाई. मेलेल्या नवऱ्याला भेटायला मी तुमची परवानगी मागणार नाही. दगड आत जाईल, नाहीतर मी आणि दगड इथेच."

तेवढ्यात रांगेत नवरीची गाडी येऊन थांबली. मॅनेजरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. त्यानेच दगडाचं दुसरं टोक धरून तो गाडीत चढवला.

कबरस्तान मात्र दिसेना. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याच्याभोवती कुंपणाची उंच झाडं लावली होती, आत जायला वाटच नव्हती. मावशीने पिशवीतून छाटणीची कात्री काढली आणि दगड जाईल एवढं खिंडार पाडलं. मागोमाग आलेल्या मॅनेजरीणबाई बघत राहिल्या.

दगड बसवल्यावर मी निघायची घाई करत होतो. मावशीने निवांत पाव आणि तळलेल्या माशाची पुडी सोडली. पलीकडे बँड वाजत होता.

"वाजू दे," ती म्हणाली. "त्याला बँड आवडायचा."

निघताना मॅनेजरीणबाईंनी बजावलं, उद्याच इथे नवी झाडं लावू.

"लावा," मावशी म्हणाली. "ईस्टरला सगळं खानदान घेऊन येते."

ईस्टरला आम्ही गेलो. खिंडार तसंच होतं. मावशीने ते थोडं रुंद केलं.