खंड्याच्या जखमेची भरपाई

कळंब्याच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला झुंबरबाईचं घर होतं. नवरा गेल्यावर तिनं लोकांची कुत्री सांभाळायचा धंदा धरला. लोक हसले. "कुत्र्यांची खानावळ घातलीया बया!" हसेनात का! नव्वदनंतर कोल्हापुरात बंगले वाढले, बंगल्यांत कुत्री वाढली, आणि परगावी निघालेला जो तो झुंबरबाईचं दार वाजवायला लागला.

तिचे नियम दोनच. कुत्र्याबरोबर घरातल्या माणसाचं वापरलेलं, न धुतलेलं कापड द्यायचं, म्हणजे त्या वासावर जनावर निवांत झोपतं. आणि दुसरा: "माझ्या दारात त्याला नुस्तं खरचटलं, तरी डाक्टरचा खर्च माझा. तुमी द्यायचा न्हाय." कुत्री आपसात भांडली की ती रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात जायची, टाके घालून आणायची आणि मग आठवडाभर स्वतः चटणी-भाकरीवर काढायची. भारी हट्टी बाई!

एकदा हंबीरराव लेकीकडं इचलकरंजीला निघाले आणि आपला खंड्या तिच्याकडं सोडून गेले. बरोबर एक हिरवं लुगडं दिलं. "मालकिणीचं हाय. तिच्यावर लई जीव त्याचा. मला आता ह्योच हाय, जपा." आता मालकीण कुठं आहे, हे त्या भल्या माणसानं सांगायला नको होतं का? नाही सांगितलं, आणि झुंबरबाईनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खंड्या लुगड्यावरनं उठला आणि रिकाम्या दाराकडं बघून शेपटी हलवायला लागला. मग सुटला तो थेट तळ्याच्या बाजूच्या काटेरी तारेवर. पोट टराटरा फाटलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, "पुन्हा उडी मारली तर वाचणार नाही." झुंबरबाईनं खर्च भरला आणि त्याला चौकटीजवळ साखळीनं बांधलं.

पुढच्या सांजेला साखळी ताणली गेली, आणि ह्या खेपेला झुंबरबाईलाही ऐकू आलं. तळ्याकडनं बाईचा आवाज येत होता. जेवायला बोलवावं तसा, मायेचा. "खंड्या, ये की रं." कुत्रं जिवाच्या आकांतानं ओढत होतं आणि टाक्यांतनं रक्त गळत होतं.

शेजारची आक्का गडबड ऐकून आली. ती हंबीररावांच्या घरी धुणीभांडी करायची. लुगड्याचा काठ उलटून बघत ती ओरडली. "अगं, हे बयाबाईचं! मी किती येळा धुतलंय. चैत्रात वारली की ती! राख ह्याच तळ्यात सोडली."

झुंबरबाई घाबरली. पण भीतीपेक्षा तिला रागच मोठा. तिनं लुगडं उचललं, तारेवर नेऊन टाकलं आणि अंधारत्या तळ्याकडं तोंड करून ओरडली, "ए बाई! जनावर माझ्या हवाली हाय. त्याच्यापायी जे काय भरायचं आसंल ते माझं. माझ्याकडनं घे, त्याच्याकडनं न्हाय!"

आक्कानं कपाळावर हात मारला. "काय बोललीस गं हे? आसल्यांना शबुद देत्यात व्हय?"

झुंबरबाईला तरी कुठं कळलं होतं? जन्मभर गिऱ्हाइकांना जे सांगत आली, तेच तोंडातनं निघून गेलं होतं. आवाज थांबला. खंड्या पायांत मान घालून झोपला. सकाळी तारेवर लुगडं नव्हतं.

हंबीरराव परत आले तेव्हा जखम भरत आली होती. खंड्या त्यांच्या अंगावर झेपावला आणि एवढा दांडगा माणूस त्याच्या गळ्यात पडून रडला. मग डोळे पुसत म्हणाले, "डाक्टरचं किती झालं, बाई?"

"ते माझ्याकडं हाय," झुंबरबाई म्हणाली. तिची नजर तळ्यावर होती. "तुमी निघा आता. दिवस बुडायला आला."

ते गेले, तशी आक्का आली. आता ती रोजच ह्या वेळेला यायची. झुंबरबाईनं चौकटीला पाठ लावून पाय पुढं केला. आक्कानं खंड्याची साखळी तिच्या घोट्याला गुंडाळली, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या कनवटीला लावली. तळ्याकडनं हाक आली, जेवायला बोलवावं तशी, मायेची.

"झुंबर, ये की गं."

आणि साखळी ताणली गेली.