कातोंगो आणि डिझेलचा बोळा

कातोंगो यांची आणि माझी ओळख भांडी घासण्याच्या साबणामुळे झाली. कासामा शहराहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याचे डांबरीकरण चालू असताना मी त्या कामावरच्या टोळीचा स्वयंपाक करीत असे; सगळे मला बाना चोला, म्हणजे चोलाची आई, म्हणत. पहिल्याच सोमवारी सकाळी एक उंच, सडपातळ गृहस्थ रिकामी बादली घेऊन माझ्या चुलीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाना चोला, साबण किती आहे तुमच्याकडे?" मी सांगितले की पातेल्यांपुरता आहे. ते म्हणाले, "मलाही पातेलंच घासायचंय. जरा मोठं आहे, इतकंच." त्यानंतर काम संपेपर्यंत ते रोज सकाळी आले. त्यांनी जे सांगितले आणि मी स्वतः जे पाहिले, ते आता अक्षरे शिकल्यावर क्रमाने लिहीत आहे.

त्यांचे मोठे पातेले म्हणजे डांबर पसरवण्याचे यंत्र. टिपरमधून वाफाळती खडी आणि डांबर त्याच्या पुढच्या हौदात पडे आणि मागच्या तापलेल्या पट्टीखालून सपाट होऊन रस्त्यावर उतरे. नशिमाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, पातेल्याला बुडाशी खरपुडी धरते, तशी त्या हौदाच्या कोपऱ्यांना डांबराची खरपुडी धरे. ती वेळीच काढली नाही तर दगडासारखी होई आणि दुसऱ्या दिवशी तिचे गठ्ठे सुटून नव्या रस्त्यात पडत. ही खरपुडी धरू न देणे हे कातोंगो यांचे एकोणीस वर्षांचे काम होते. सकाळी यंत्राच्या हौदाला, टिपरच्या तळाला, फावड्यांना आणि दाताळ्यांना साबणाचे दाट पाणी लावायचे. संध्याकाळी लोखंड गरम आहे तोवरच सगळे खरवडून काढायचे. त्यांच्या उजव्या तळहातावर भाजल्याची एक गुळगुळीत खूण होती. हातमोजे घालायला उशीर झाला की काय होते, हे ते नव्या माणसांना ती खूण दाखवूनच शिकवत.

डिझेलचा त्यांना मनापासून तिटकारा होता. डिझेलच्या बोळ्याने चिकटलेले डांबर क्षणात निघते, म्हणून आळशी माणसाला ते प्रिय असते. परंतु जे डिझेल यंत्रावरचे डांबर सोडवते, तेच खाली ठिबकले की रस्त्यातलेही सोडवते. तेवढी जागा मऊ राहते, खडी बोटाने उचकटता येते आणि पावसाळ्यात तिथे बशीएवढा, मग परातीएवढा खड्डा पडतो. हे कातोंगो यांनी इतक्यांना इतक्या वेळा सांगितले होते की सांगताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. त्यात कंपनीच्या कोठाराची तऱ्हा अशी, की न चिकटण्यासाठी आलेले खास औषध दुसऱ्याच महिन्यात संपले, साबण मागायला तीन सह्यांचा कागद लागे आणि डिझेल मात्र नुसता डबा पुढे केला की मिळे.

टोळीच्या रोलरवर मातियास जेरे होते. त्यांच्या लोखंडी चाकावर पाण्याचा बारीक फवारा पडत राहायला हवा, नाही तर गरम डांबर चाकाला चिकटून वर येते. परंतु ओढ्याचे गढूळ पाणी भरल्यामुळे फवाऱ्याची भोके तुंबत आणि जेरे खाली उतरून ती साफ करण्याऐवजी बैठकीखालचा डबा काढून चाकावर डिझेलचा बोळा फिरवत. माणूस दिलदार, कामाला वाघ, फक्त खाली उतरायचा कंटाळा.

आता अडचण अशी होती की कातोंगो बेंबा आणि जेरे न्गोनी. आमच्या देशात या दोन जमातींमध्ये चिंबुया आहे. आजोबांच्या आजोबांनी एकमेकांशी लढाया केल्या, म्हणून नातवांनी एकमेकांची फक्त थट्टा करायची. कितीही अपमान केला तरी समोरच्याने रागवायचे नाही. हे नाते मयतीतही सुटत नाही. कातोंगो यांच्या सासूबाई वारल्या तेव्हा जेरे सरळ खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवे झाले होते आणि म्हणाले होते, "जागा ऐसपैस आहे. एका बेंबा बाईला एवढी कशाला? मी इथेच राहतो." रडणारी माणसेही हसली होती आणि सर्वांत जास्त कातोंगो हसले होते.

न्गोनींना उंदीरखाऊ आणि बेंबांना माकडखाऊ म्हणायची रीतच आहे, म्हणून रोलरपाशी रोज असे चाले.

"अरे उंदीरखाऊ, ठेव तो बोळा खाली. रस्त्याचं वाटोळं करतोयस."

"आला माकडखाऊ. झाडावरून उतरायला आज उशीर केलास?"

"मी खरं सांगतोय. डिझेल ठिबकतंय तुझं."

"तुमच्या आजोबांचं पण ठिबकत होतं, आमचे आजोबा आले तेव्हा."

टोळी हातातली फावडी टेकवून हसे. कातोंगो जितके संतापत तितकी थट्टा रंगे. त्यांनी बोळा लपवला तर जेरे आपल्या जुन्या सदऱ्याची बाही फाडून नवा बोळा करीत आणि म्हणत, "बघा, बेंबा चोरी करायला लागले. चोरी कशाची, तर चिंधीची." मुकादम हाचिपुका यांच्याकडे गाऱ्हाणे नेले, तर ते टोंगा जमातीचे, त्यांची स्वतःची लोझी जमातीशी चिंबुया, त्यांनी पोट धरून हसत सांगितले, "भावाभावांच्या भांडणात मी पडणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत भांडा, म्हणजे सगळ्यांना ऐकता येईल."

एकदा कातोंगो माझ्याकडे बादली टेकवून म्हणाले, "बाना चोला, आग लागली असं मी ओरडलो तरी हे लोक टाळ्या वाजवतील."

ऑगस्ट महिन्यात अभियंता बाई तपासणीला आल्या. मागच्या आठवड्याच्या पट्ट्यात त्यांना पाच ठिकाणी काळे, ओलसर डाग दिसले. त्यांनी खिशातून किल्ली काढून एका डागात खुपसली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली आणि खडी सुटून आली. वास घेऊन त्यांनी विचारले, "यंत्रांना डांबर चिकटू न देण्याचं काम कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, मॅडम," कातोंगो म्हणाले.

"आता शेवटचे तीन किलोमीटर राहिलेत. त्यात असा एक जरी डाग सापडला, तर पुढच्या रस्त्यावर तुम्ही नसाल. हे कशामुळे झालंय, ठाऊक आहे?"

हाच तो क्षण होता. एक साधे, सरळ वाक्य पुरले असते. परंतु थट्टेची सवय जिभेवर बसलेली होती आणि त्यात संतापाची भर पडली. कातोंगो रोलरकडे बोट करून म्हणाले, "त्या उंदीर खाणाऱ्या न्गोनीमुळे. त्याच्या आईनं त्याला दुधाऐवजी डिझेल पाजलं असेल."

अभियंता बाईही हसल्या. "अच्छा, चिंबुया," त्या म्हणाल्या. "तुमच्या गमती चालू द्या, पण काम नीट करा." जेरे रोलरवरून हात हलवत होते. गाडी निघून गेली. कातोंगो यांनी जगातली सर्वांत खरी गोष्ट सांगितली होती आणि तिचा विनोद करून टाकला होता तोही त्यांनी स्वतःच.

रविवारभर ते खरवडण्याच्या पट्ट्यांना धार लावीत बसले. त्यांचे वय बावन्न होते. दुसऱ्या कोणत्याही कंपनीत साबणाच्या पाण्यासाठी बावन्न वर्षांचा माणूस कोणी घेणार नव्हते. जेरे यांना शिव्या देऊन पाहिल्या होत्या, ओरडून पाहिले होते, गाऱ्हाणे करून पाहिले होते. रागाची प्रत्येक वाट थट्टेतच जात होती. दुपारी नशिमा पुढे ठेवला तेव्हा त्यांनी पहिला घास हातातच धरून ठेवला आणि म्हणाले, "एकच गोष्ट त्याच्याशी मी कधी केलेली नाही." काय, ते मला त्यांनी सांगितले नाही.

सोमवारी सकाळी जेरे रोलर सुरू करीत होते. कातोंगो टोपी काढून पुढे गेले. रोलरच्या चाकापाशी ते गुडघ्यावर बसले, नजर खाली ठेवली आणि वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशा तळहातांनी हळू टाळ्या वाजवल्या.

"बा जेरे, मुक्वाई," ते म्हणाले; 'बा' आणि 'मुक्वाई' हे आमच्याकडचे आदराचे शब्द. "सकाळ बरी उजाडली ना तुमची? घरी सगळे बरे आहेत ना?"

टोळी हसण्याच्या तयारीत उभी राहिली. सगळे पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. पुढचे वाक्य आले नाही. जेरे यांनी इंजिन बंद केले.

"काय झालं?" ते म्हणाले. "ए, उठ. कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही, मुक्वाई."

"मग असा का बोलतोस? तुझ्या सासूच्या मयतीत तू मला गाढव म्हणालास. आज गुडघ्यावर?"

"मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि दुसऱ्या कोणत्या रीतीनं बोललो तर तुम्हाला ऐकू येत नाही," कातोंगो म्हणाले. "रस्त्यावरचे ते डाग तुमच्या डिझेलचे आहेत. आणखी एक डाग पडला तर मला घरी पाठवणार आहेत. मी गंमत करत नाही, बा जेरे."

जेरे यांनी हाचिपुकांकडे पाहिले, हाचिपुकांनी आपल्या बुटांकडे. मग जेरे खाली उतरले. फवारे तुंबले तरी जे उतरत नसत, ते उतरले. बैठकीखालचा डबा काढून त्यांनी तो कातोंगो यांच्यापुढे दोन्ही हातांनी ठेवला.

"तू हे रोज सांगत होतास," ते म्हणाले.

"रोज."

"मला वाटलं, तुला दुसरा विषय सुचत नाही."

त्या दिवसापासून ओढ्याचे पाणी माझ्या कमरेला गुंडाळायच्या जुन्या चितेंगेतून गाळले जाऊ लागले. कापडात जो चिखल राही, तो पाहून जेरे यांनाच लाज वाटली. फवाऱ्याची भोके तारेने मोकळी केली, टाकीत साबण घातला आणि चाक सतत ओले राहू लागले. कोठारातून साबण मिळावा म्हणून जेरे स्वतः कागदावर तीन सह्या मागत फिरले. शेवटच्या तीन किलोमीटरवर अभियंता बाईंनी किल्ली सोळा ठिकाणी खुपसून पाहिली. एकाही ठिकाणी ती आत गेली नाही. त्यांनी पुढच्या रस्त्याच्या यादीत कातोंगो यांचे नाव लिहिले आणि हाचिपुकांनी ते सर्वांना वाचून दाखवले.

मागच्या पट्ट्यातले मऊ डाग उकरून पुन्हा भरण्याचे काम तेवढे उरले होते. इथे कातोंगो यांची कटकट संपायला हवी होती. परंतु जेरे आता सुधारले होते, आणि सुधारलेले जेरे सहन करणे अधिक कठीण होते.

"बा कातोंगो, पाणी गाळून झालं आहे," ते सकाळी सांगत. "बा कातोंगो, तुम्ही आधी जेवा."

कातोंगो यांनी चाचपून पाहिले. "काय रे उंदीरखाऊ, आज शेपटी कुठे विसरलास?"

"चुकलं असेल, मुक्वाई," जेरे नम्रपणे म्हणाले आणि टाकीचे झाकण लावू लागले.

जेवणाच्या सुट्टीत टोळी मुकाट्याने मासळी खाऊ लागली. हाचिपुका यांनी एकदा विचारलेही, की कोणी आजारी आहे का. आठ दिवस कातोंगो यांनी तग धरला. रोज बादली घ्यायला आले की ते माझ्यापाशी धुसफुसत, "माणूस आहे की पाद्री? काल मला रोलरवर चढायला हात दिला त्यानं. मला, हात."

नवव्या दिवशी दुपारी माझ्या चुलीसमोरच त्यांनी जेरे यांना गाठले.

"हे किती दिवस चालवणार आहेस?"

"काय, मुक्वाई?"

"हेच. हे मुक्वाई."

जेरे यांनी ताट खाली ठेवले. "भीती वाटते रे," ते हळूच म्हणाले. "पुन्हा थट्टा सुरू केली आणि माझं काही चुकलं, तर तू सांगशील आणि मी परत हसेन. तू घरी जाशील, आणि मी हसतच राहीन."

कातोंगो यांनी आपल्या तळहातावरची खूण चोळली. मग या वेळी टोपी न काढता, गुडघे न टेकता, उभ्यानेच म्हणाले, "जेरे, माझी एक विनंती आहे. खरं सांगायचं असेल तेव्हा मी असंच नाव घेऊन सांगेन; तू चाकाला साबणाचं पाणी लावत जा, आणि मला पुन्हा माकडखाऊ म्हण."