मिरचीच्या पथारीवरचा रक

आमच्या घरात रग्बी फक्त मला कळते, असं मी एकट्यानंच ठरवलं होतं.

माझी मुलगी मानसी शहाद्याच्या कॉलेजात रग्बी खेळते. जिल्हा संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी तिच्या सरांनी बजावलं, "तुझा रक कच्चा आहे. उद्या जमला नाही तर घरी बस." रक म्हणजे काय, तर आपला खेळाडू चेंडूसकट पडला की त्यानं चेंडू आपल्या बाजूला ठेवून सोडायचा. मागून आपली माणसं वाकून येतात, त्याला ओलांडतात आणि समोरच्यांना खांद्यानं रेटतात. चेंडूला हात लावायचा नाही. (आमच्या भाऊबंदकीत शेताचा बांध असाच सरकतो. फक्त शिट्टी नसते!)

मग सराव घरीच करायचं ठरलं, पण शेताला पाणी सोडलेलं. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, आमची कोरडी जागा एकच, मिरची वाळवायची पथारी. अर्धी लाल, अर्धी रिकामी. पडणारा मी. समोरची टोळी म्हणजे माझी बायको आणि तिचा भाऊ राजू, वजनानं दीड बैल.

मी चेंडू घेऊन धावलो. राजूनं कमरेला मिठी मारली. पडायचं होतं रिकाम्या अर्ध्यात. पण राजू एकदा निघाला की ट्रॅक्टरलाही आवरत नाही. दोघं थेट मिरचीत!

"पप्पा, चेंडू सोडा!" मानसी ओरडली.

सोडतो कसला! डोळ्यांत, नाकात, बनियनच्या आत नुसता जाळ. चेंडू छातीशी आवळून मी बोंबलत होतो.

"दाजी, सोडा ना!" राजूही रडकुंडीला आला.

बायको बाजूनं घुसली.

"आई, बाजूनं नाही, मागून! फाऊल शे!"

"मन्हं खळं शे, मी कोठूनबी येसू! मिरचीना चुरा करी ऱ्हायनात, उठा!"

(नवरा जळतोय, याचं काही नाही!)

तेवढ्यात मानसी खाली वाकली, मला ओलांडून गेली आणि आईला नि मामाला एकाच खांद्यावर घेऊन तिनं पार पाटाच्या पाण्यात नेऊन सोडलं. राजूची शिंक गुजरातेत ऐकू गेली असावी.

दुसऱ्या दिवशी तिची निवड झाली! वर पथारीवरच्या सरावाची गोष्ट तिच्याकडून ऐकून सरांचा निरोप, "पप्पांना घेऊन ये." मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, शाल-नारळ स्वीकारायच्या तयारीनं गेलो. सरांनी वाकून नमस्कार केला, मैदानाच्या मधोमध नेलं, आडवं व्हायला सांगितलं आणि चेंडू माझ्या छातीवर ठेवला.

"मुलींनो, पडल्यावर काय करायचं नाही, ते नीट बघून घ्या."

हल्ली दर शनिवारी मला जाऊन तिथं पडावं लागतं. अभ्यासक्रमाला धडा म्हणून लागलोय!